स्टेअरिंगमधला प्ले कुठून येतोय ते आधी शोधा, बॉक्स नंतर

विचारणा थोडक्यात अशी आहे. 2009 सालची डिझेल पिकअप, नारायणगावहून टोमॅटो भरून माळशेज घाटाने कल्याणला नेहमीच्या फेऱ्या. पुढे टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा लांब दांडा), मागे पाटे, पॉवर स्टेअरिंग. स्टेअरिंग चार बोटं फिरवलं तरी चाकं हलत नाहीत (हा मोकळा खेळ म्हणजेच प्ले), साठच्या आसपास हाताला थरथर लागते, खड्ड्यात डाव्या बाजूने ‘कट-कट’ वाजतं. दोनदा अलाइनमेंट करूनही डावा पुढचा टायर आतल्या कडेने खाल्ला गेला. गॅरेजवाला म्हणतो, स्टेअरिंग बॉक्स गेला. बदलावा का?

आत्ता बदलू नका. बॉक्स, म्हणजे स्टेअरिंगचं फिरणं चाकांच्या वळण्यात बदलणारी दात्यांची पेटी, हा स्टेअरिंगपासून चाकापर्यंतच्या साखळीतला सर्वांत महाग भाग आहे आणि तुमची निम्मी लक्षणं त्याच्याकडे बोट दाखवतच नाहीत. बॉक्स आतून कितीही झिजला तरी दोन पुढच्या चाकांमधलं आपसातलं अंतर त्याने बदलत नाही. दोन्ही चाकं मिळून इकडे-तिकडे भरकटतील, पण एकच टायर आतून खाल्ला जाणार नाही. खड्ड्यातली ‘कट-कट’सुद्धा बहुतेक वेळा चाकाजवळच्या किंवा लिंकेजच्या (बॉक्सपासून चाकांपर्यंतच्या दांड्यांच्या) सांध्याची असते. बॉक्स बदलून पैसे जातील, चारातलं एखादं बोट कमी होईल, आणि टायर खाणं तसंच चालू राहील.

आधी गाडीखालची मांडणी डोळ्यांसमोर आणा. आपल्याकडच्या जुन्या पिकअप आणि छोट्या मालवाहू गाड्यांमध्ये पुढे दोन प्रकार दिसतात. एक, टाटा 407 सारखा सलग अ‍ॅक्सल, पाट्यांवर बसवलेला आणि टोकांना किंगपिन, म्हणजे जिच्याभोवती चाक वळतं ती उभी पिन. दुसरा, टाटा सुमोसारखा, प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म, बॉल जॉइंट (वाटीत फिरणाऱ्या गोळ्याचा सांधा) आणि स्प्रिंगच्या जागी टॉर्शन बार. तुमची गाडी दुसऱ्या प्रकारची आहे. तिच्यात तुमच्या हातापासून चाकापर्यंत हालचाल अशी जाते: स्टेअरिंग कॉलम, कपलिंग किंवा क्रॉस, बॉक्स, बॉक्सखालचा ड्रॉप आर्म, मग दोन चाकांच्या मधली सेंटर लिंक, तिच्या दोन्ही बाजूंना आतले टायरॉड एंड (दांड्याच्या टोकाचे गोळा-वाटीचे सांधे), थ्रेडची नळी, बाहेरचे टायरॉड एंड आणि शेवटी चाकाचा आर्म. आपलं स्टेअरिंग उजवीकडे असल्यामुळे बॉक्स उजव्या चेसिसला असतो. सेंटर लिंकचं डावं टोक तोलून धरायला डाव्या चेसिसला आयडलर आर्म असतो. हा आयडलर लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येऊ.

या साखळीतल्या प्रत्येक सांध्यात थोडा थोडा प्ले साठतो आणि स्टेअरिंगवर तो कित्येक पटींनी मोठा होऊन दिसतो. हिशेब करून पाहा. ड्रॉप आर्मची लांबी 150 मिमी, बॉक्सचं गुणोत्तर 20 ला 1 (स्टेअरिंग 20 अंश फिरलं की ड्रॉप आर्म 1 अंश) आणि स्टेअरिंगचा व्यास 400 मिमी धरा. ड्रॉप आर्मच्या टोकाच्या सांध्यात फक्त 1 मिमी ढिलाई असली तरी स्टेअरिंगच्या कडेला ती अडीच सेंटिमीटरहून जास्त होते. तीन-चार सांधे अर्धा-पाऊण मिमीने सैल झाले की तुमची चार बोटं भरली. म्हणून ‘एवढा प्ले म्हणजे बॉक्सच’ हा निष्कर्ष घाईचा आहे.

प्ले नियमात बसला की चालतो, असा एक गैरसमज पुष्कळांच्या डोक्यात असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 98 सांगतो की स्टेअरिंगवरचा प्ले 30 अंशांपेक्षा जास्त नसावा. त्याच नियमात बॉल जॉइंटवर रबरी टोप्या हव्यात आणि जोडाचे बोल्ट-पिना नीट लॉक केलेल्या हव्यात असंही आहे. आता 400 मिमीच्या स्टेअरिंगवर 30 अंश म्हणजे कडेला जवळजवळ साडेदहा सेंटिमीटर होतात. ही बाहेरची मर्यादा आहे, चांगल्या गाडीचं माप नव्हे. तुमची चार बोटं त्या मर्यादेच्या आत बसतात, म्हणजे दरवर्षीच्या फिटनेसला गाडी कदाचित अडणारही नाही. पण माल भरून माळशेज उतरताना समोरून एसटी आली, तर ही चार बोटं संपेपर्यंत गाडी कुठे जाईल याचा विचार करा. दीड बोट ते दोन बोटं प्ले मला जुन्या गाडीत चालतो. त्यापुढे मी खाली शिरून पाहिल्याशिवाय सोडत नाही.

खाली शिरण्याआधी फुकटात होणाऱ्या गोष्टी करून घ्या. पुढच्या दोन्ही टायरांची हवा सारखी करा, व्हील नट आवळा, पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाकून त्याच रस्त्यावर चालवा. साठला येणारी थरथर गेली किंवा बदलली, तर ती टायरची किंवा बॅलन्सिंगची होती. पुढच्या चाकांवर रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेला) टायर असेल तर तो आधी काढा. पुढे रिमोल्ड मी कुणालाच घालू देत नाही. थरथर फक्त ब्रेक मारल्यावरच येत असेल तर डिस्क किंवा ड्रम बघा. खड्डा लागल्यावर सुरू होऊन वेग कमी केल्याशिवाय थांबत नसेल, तर मात्र कुठला तरी सांधा नक्की सैल आहे.

आता खरी तपासणी. तिला जॅक लागत नाही, एक माणूस लागतो. बहुतेक गॅरेजमध्ये गाडी उचलून चाक हातांनी हलवून पाहतात आणि ‘थोडा प्ले आहे’ म्हणतात. उचललेल्या चाकावर वजन नसतं, त्यामुळे सांध्यावर खरा जोर येत नाही आणि अर्ध्या मिमीची ढिलाई लपून राहते. चाकं जमिनीवरच ठेवा, गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड. पॉवर स्टेअरिंग असल्यामुळे इंजिन चालू हवं. बंद इंजिनवर बॉक्समधला व्हॉल्व्ह स्वतःच थोडा पिळतो आणि नसलेला प्ले दाखवतो. गिअर न्यूट्रलला ठेवा, आणि खाली शिरणाऱ्याने पंखा-पट्ट्यापासून कपडे, हात दूर ठेवावेत. आत बसलेल्या माणसाने स्टेअरिंग मध्यावरून डावीकडे-उजवीकडे चार बोटंच, न थांबता, झटक्यात हलवत राहायचं. पूर्ण वळवायचं नाही.

तुम्ही खाली एकेका सांध्यावर हात ठेवा. नुसतं डोळ्यांनी बघून भागत नाही. डाव्या बाहेरच्या टायरॉड एंडचं उदाहरण घ्या. अंगठा एंडच्या वाटीवर आणि तर्जनी चाकाच्या आर्मवर, म्हणजे सांध्याचे दोन्ही भाग एकाच चिमटीत. सांधा चांगला असेल तर दोन्ही बोटं एकदम, एकाच क्षणी हलतात. झिजलेला असेल तर आधी अंगठा हलतो, बारीकसा ‘टक’ हाडापर्यंत जाणवतो आणि मग तर्जनी हलते. तो मधला क्षण म्हणजे तुमचा प्ले. रबराच्या बुटाखाली तांबूस-तपकिरी पूड दिसली तर ती ग्रीस संपून लोखंडावर लोखंड घासल्याची खूण आहे. बूट फाटलेला असेल आणि आत माळशेजच्या पावसाचं पाणी गेलं असेल, तर तो एंड आज घट्ट असला तरी पुढचा मोसम काढणार नाही.

इथे दोन गोष्टींनी फसायला होतं. टायरॉडची नळी हाताने स्वतःभोवती थोडी पुढे-मागे फिरते. ते नैसर्गिक आहे, गोळा वाटीत फिरायलाच हवा. दुसरं, मोठ्या पकडीने एंड वर-खाली दाबला तर काही एंड किंचित दबतात, कारण आत स्प्रिंग असते. या दोन्हीवरून एंड बाद करू नका. स्टेअरिंग हलवताना, हालचालीच्या दिशेत मोकळा खेळ दिसला तरच तो गेला समजा.

असंच एकेका सांध्यावर हात ठेवत चाकाकडून बॉक्सकडे या. सेंटर लिंक पाहताना तिचं डावं टोक वर-खाली होतंय का याकडे बारीक लक्ष द्या. सेंटर लिंकने नुसतं आडवं सरकायला हवं. स्टेअरिंग हलवताना तिचं डावं टोक आधी उचललं जात असेल किंवा खाली दबत असेल, तर आयडलरचं बुश (सांध्यातली बाही) गेलं. मग सेंटर लिंकचं डावं टोक हाताने वर-खाली जोरात ढकलून खात्री करा. आयडलर सैल झाला की दोन चाकांमधला टो (पुढच्या चाकांमधलं पुढून आणि मागून मोजलेल्या अंतरांतला फरक) प्रत्येक खड्ड्यात बदलतो, आणि अलाइनमेंटच्या मशीनवर गाडी स्थिर उभी असल्याने तो तिथे कधीच दिसत नाही. तुमची दोनदा केलेली अलाइनमेंट वाया गेली ती बहुधा यामुळेच.

बॉक्सपाशी पोहोचलात की आधी बॉक्स चेसिसला जिथे बसवलाय तिथे बघा. बोल्ट सैल आहेत का? स्टेअरिंग हलवताना अख्खा बॉक्स डुलतोय का? चेसिसच्या पत्र्यावर बोल्टच्या भोकापासून निघालेली बारीक तांबडी रेघ दिसतेय का? जास्त माल वाहिलेल्या जुन्या गाड्यांना इथे तडा जातो. धूळ पुसून, वायर ब्रशने साफ करूनच बघा, नाहीतर दिसत नाही. असा तडा असेल तर बाकी सगळं काम थांबवून आधी ते करा. नुसता वेल्डिंगचा धागा ओढून भागत नाही, तडा जिथे संपतो तिथे भोक पाडून, मग वेल्डिंग आणि आतून प्लेट, असं जाणत्या माणसाकडून करून घ्या.

त्यानंतर बॉक्सचा निवाडा सोपा आहे. स्टेअरिंग फिरतं, पण बॉक्समध्ये जाणारा शाफ्ट फिरत नाही, तर दोष कॉलमच्या क्रॉसमध्ये किंवा रबरी कपलिंगमध्ये. हा स्वस्त भाग आहे आणि याच्यामुळे कितीतरी चांगले बॉक्स भंगारात गेले आहेत. शाफ्ट फिरतो आणि ड्रॉप आर्म उशिरा हलतो, तर दोष खरंच बॉक्समध्ये. ड्रॉप आर्मचा शाफ्ट वर-खाली किंवा आडवा हलतो आणि सीलमधून तेल गळतंय, तर शाफ्टचं बुश झिजलं आहे.

मग गाडी उचला. तुमच्या गाडीत टॉर्शन बार खालच्या आर्मवर जोर देत असेल, तर जॅक चेसिसखाली लावू नका, खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जवळ लावा. चेसिसखाली लावलात तर टॉर्शन बार आर्मला खाली ढकलून धरतो, बॉल जॉइंट ताणात राहतो आणि गेलेला जॉइंटही घट्ट वाटतो. ही चूक सर्रास होते. चाक जमिनीपासून थोडं वर आलं की चेसिसखाली घोडी लावून घ्या. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, पाच मिनिटांसाठीही नाही. घोडी आधाराला आहे, पण आर्म जॅकवर उचललेलाच राहू द्या. चाक वर-खाली धरून हलवा, म्हणजे एक हात बाराच्या जागी, दुसरा सहाच्या. प्ले लागला तर मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर हब बेअरिंग सैल आहे, राहिला तर बॉल जॉइंट. टायरखाली पहार घालून चाक उचलून बघा, बॉल जॉइंट वर-खाली सैल असेल तर तेव्हा तो उघड होतो. नऊ आणि तीनच्या जागी हलवून लागणारा प्ले टायरॉडच्या बाजूचा.

सलग अ‍ॅक्सलच्या गाडीबद्दलही थोडं सांगतो, कारण तुमच्या भागात त्याही पुष्कळ आहेत. तिथे बारा-सहाचा, ब्रेक दाबूनही राहणारा प्ले म्हणजे किंगपिन. बुश आणि पिन एकदमच बदलावी लागते. नवीन बुश ठोकून बसवल्यावर वरचं आणि खालचं भोक एका सरळ रेषेत रीमर करून (नेमक्या मापाला तासून) घ्यावं लागतं, ते लेथवाल्याचं काम आहे. आणि या गाड्यांमध्ये एक गोष्ट हमखास होते: माल जास्त भरता यावा म्हणून मागे जादा पाटा टाकतात. रिकाम्या गाडीचं मागचं अंग 50 मिमीने उचललं गेलं आणि दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर तीन मीटरच्या जवळपास असेल, तर पुढचा कॅस्टर (किंगपिनचा मागे असलेला कल) साधारण एका अंशाने कमी होतो. कॅस्टर कमी झाला की स्टेअरिंग आपोआप सरळ यायला कुरकुरतं आणि गाडी भरकटते. उलट माल अती भरला की मागचं अंग बसतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग हातात तरंगतं. पाटा टाकून स्टेअरिंगची तक्रार घेऊन येणाऱ्याला मी आधी पाटाच दाखवतो.

तुमच्या लक्षणांवरून माझा अंदाज सांगतो. डावा टायर आतून खाल्लाय, आवाज डावीकडून येतोय, अलाइनमेंट टिकत नाही. आयडलर आर्म आणि डावा बाहेरचा टायरॉड एंड हे दोन माझे पहिले संशयित. सैल लिंकेजची चाकं चालताना पुढून उघडी पडतात, आणि मग टायर आतल्या कडेने घासतो. टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखी धार लागली तर टो बिघडलाय. धार न लागता आतली कड नुसती सपाट झिजली असेल तर कॅम्बर (चाकाचा आत किंवा बाहेर असलेला कल) बिघडलाय, त्याचं कारण बॉल जॉइंट, आर्मची बुश किंवा बसलेला टॉर्शन बार. टो किती नुकसान करतो ते पाहा: 215/75 आर 15 टायरचा व्यास साधारण 700 मिमी असतो. एकूण टो 3 मिमीने चुकला, तर प्रत्येक चाक दर किलोमीटरला दोन मीटरहून जास्त आडवं घासत जातं. नारायणगाव ते कल्याण आणि परत, हिशेब तुम्हीच करा.

सामान घेताना घाई करू नका. बिनशिक्क्याचा, स्वस्त एंड घेण्यापेक्षा गाडीवरचा जुना मूळ एंड, अजून घट्ट असेल तर, मी तसाच ठेवतो. सरसकट ‘पूर्ण सेट टाका’ याच्या मी विरुद्ध आहे. मात्र बाहेरचे दोन्ही एंड जोडीनेच बदला, एक गेला की दुसरा मागोमाग असतोच. कंपनीच्या काउंटरवरून घ्या, किंवा राणेसारख्या स्टेअरिंग लिंकेज बनवणाऱ्या कंपनीचे सीलबंद खोक्यातले घ्या. पुण्याला जाणार असाल तर नाना पेठेत मिळतील, पण जुना एंड सोबत नेऊन थ्रेड, टेपर (आर्मच्या भोकात बसणारा निमुळता भाग) आणि लांबी शेजारी ठेवून जुळवा. नव्या एंडचा दांडा बोटाने हलवून बघा. तो कडक आणि एकसारखा फिरायला हवा. सहज लुळा पडणारा नवा एंड दुकानातच परत करा.

आता बदलण्याचं काम. आदल्या संध्याकाळी सगळे थ्रेड वायर ब्रशने साफ करून गंज सोडवणारं तेल किंवा डिझेल लावून ठेवा. सकाळी चाक काढा. एंड सोडवण्याआधी गोळ्याच्या मध्यापासून नळीच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून भिंतीवर खडूने लिहा, आणि काढताना तो किती आटे फिरून बाहेर येतो तेही मोजा. नळीच्या एका टोकाला उजवे थ्रेड असतात आणि दुसऱ्या टोकाला उलटे, हे विसरलात तर सोडवायचा एंड तुम्ही आवळत बसाल.

स्प्लिट पिन (नट फिरू नये म्हणून आरपार घातलेली दुमडती पिन) काढून कॅसल नट, म्हणजे वरून खाचा असलेला नट, सोडवा, पण पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे राहू द्या, म्हणजे टेपर सुटल्यावर एंड अंगावर पडत नाही. टेपर सोडवायचा तो थ्रेडच्या टोकावर हातोडा मारून नव्हे. दोन हातोडे घ्या. एक चाकाच्या आर्मच्या डोळ्याला एका बाजूने टेकवून धरा आणि दुसऱ्याने बरोबर समोरच्या बाजूने डोळ्याच्या अंगावरच खणखणीत ठोका द्या. डोळा क्षणभर किंचित चपटा होतो आणि टेपर सोडतो. सुरुवातीला ठोक्याचा आवाज भरीव येतो. सुटला की तो पोकळ, फुटका येतो आणि एंड खाली लटकतो. दहा-बारा ठोक्यांत सुटला नाही तर पुलर लावून ताण द्या आणि मग ठोका. गॅसने आर्म लाल करू नका. तो पोलादाचा नेमका कडकपणा दिलेला भाग आहे, तापवला की त्याची ताकद जाते.

नवा एंड घालण्याआधी डोळ्याचं टेपर भोक कापडाने कोरडं पुसून बोटाने चाचपा. ते लांबट झालं असेल किंवा आत पायरी लागली असेल, तर नवा एंड त्यात कधीच बसणार नाही, आर्मच बदलावा लागेल. टेपरला ग्रीस लावू नका, तो कोरडाच बसायला हवा. एंड मोजलेल्या अंतरावर आणा. नट आवळताना दांडा सोबत फिरू लागला तर खालून जॅकने हलकेच वाटी दाबून टेपर पकडवा. नट गाडीच्या पुस्तकातल्या टॉर्कला आवळा, आणि स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट थोडा आणखी आवळून जुळवा. जुळवण्यासाठी सैल कधीच करायचा नाही. पिन नवीनच घाला. खिळा किंवा तार घालून चालवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, आणि तो नट रस्त्यात गळून पडला की स्टेअरिंग फिरतं, चाक फिरत नाही. शेवटी नळीचे क्लॅम्प आवळताना आतला आणि बाहेरचा एंड एकाच पातळीत ठेवा, नाहीतर चाक वळवताना एक एंड आडवा अडकून तुटू शकतो. स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून क्लॅम्पचे बोल्ट कुठे घासत नाहीत ना, ते पाहून घ्या.

आयडलर बदलणं सोपं आहे, फक्त त्याचं बुश रबरी असेल तर त्याचा मुख्य नट चाकं सरळ ठेवूनच शेवटचा आवळा. वळलेल्या चाकांवर आवळलात तर रबर पिळलेलं राहतं, गाडी एका बाजूला ओढते आणि दोष सापडत नाही. ड्रॉप आर्म काढायची वेळ आली तर शाफ्टवर आणि आर्मवर आधी छिन्नीने खूण करा आणि जाड पुलरनेच काढा. शाफ्टवर घण घातलात तर तो धक्का थेट बॉक्सच्या बेअरिंगवर जातो, आणि मग खरोखरच बॉक्स घ्यावा लागेल.

एका प्रकाराबद्दल मी कळकळीने सांगतो. हायवेवरच्या काही ठिकाणी सैल झालेला बॉल जॉइंट किंवा टायरॉड एंड वाटीच्या कडा ठोकून ‘टाइट’ करून देतात, काही वेल्डिंगचा ठिपका मारतात. त्याने आठवडाभर प्ले जाणवत नाही. आतला गोळा आणि वाटी आधीच झिजलेले असतात आणि ठोकलेल्या कडेला आता तडा असतो. गोळा वाटीतून निसटला की ते चाक हवं तिकडे वळतं आणि ब्रेकनेही सरळ होत नाही. घाटात तर नकोच, सपाट रस्त्यावरही अशा गाडीत माणसं बसवू नका.

सगळं बसल्यावर अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत जाण्यापुरता टो घरीच बघा. पुढची चाकं उचलून फिरवत प्रत्येक टायरच्या मध्यावर खडू लावा आणि त्या खडूत खिळ्याने बारीक रेघ ओढा. गाडी खाली ठेवून दोन-तीन मीटर पुढे ढकला, म्हणजे सस्पेन्शन बसतं. आता हबच्या उंचीला, चाकांच्या पुढे आणि मागे, दोन रेघांमधलं अंतर मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा 1 ते 3 मिमी कमी असेल तर दुकानापर्यंत हळू जायला हरकत नाही. दुकानात मशीनवर चढवण्याआधी टॉर्शन बारची उंची दोन्ही बाजूंना पुस्तकाप्रमाणे करून घ्या. बसलेल्या टॉर्शन बारवर केलेली अलाइनमेंट उंची सुधारली की पुन्हा बिघडते. आणि स्टेअरिंगचे आरे सरळ आणण्यासाठी स्टेअरिंग उपटून फिरवून बसवणाऱ्याला थांबवा. बॉक्स मध्यावर ठेवून दोन्ही टायरॉडच्या नळ्या सारख्या फिरवूनच ते करायचं असतं.

एवढं झाल्यावर प्ले दोन बोटांच्या आत आला तर बॉक्सला हात लावू नका. अजून जास्त असेल आणि वरच्या निवाड्यात बॉक्सच सापडला असेल, तर त्याच्या झाकणावरचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू आहे. चाकं अगदी सरळ ठेवा, लॉक नट सैल करा, स्क्रू एक अष्टमांश फेऱ्यापेक्षा जास्त नाही आणि एका वेळी एकदाच. मग रिकाम्या मैदानात वळवून हात सोडून बघा, स्टेअरिंग आपोआप परत यायला हवं. येत नसेल तर स्क्रू मागे घ्या. बॉक्सचे दात मध्यावर सर्वांत जास्त झिजतात, कारण गाडी बहुतांश वेळ सरळच चालते. मध्यावरचा सगळा प्ले काढायला गेलात तर वळणावर कडेचे कमी झिजलेले दात आवळतात, आणि घाटाच्या वळणातून स्टेअरिंग परत न येणं हे चार बोटांच्या प्लेपेक्षा जास्त धोक्याचं आहे. स्क्रूने भागलं नाही, किंवा शाफ्टचं बुश आणि सील गेलं असेल, तेव्हा बॉक्स उतरवा.

काम झाल्यावर प्रत्येक नटावर आणि शेजारच्या भागावर मिळून रंगाची एक रेघ मारा. दोन-तीन फेऱ्या झाल्या की खाली बघा, रेघ तुटलेली असेल तर तो नट हललाय. नव्या एंडला ग्रीस भरायचं निप्पल असेल तर दर महिन्याला आणि पावसाळ्यात गाडी धुतल्यावर लगेच ग्रीस द्या, बूट किंचित फुगेल इतकंच. बूट फुटेपर्यंत गन दाबलीत तर पाणी आत जायला वाट तुम्हीच करून दिलीत. खालच्या बॉल जॉइंटला ग्रीस देताना आर्म जॅकवर घ्या, म्हणजे वजन सुटतं आणि ग्रीस गोळ्याच्या दबलेल्या बाजूलाही पोहोचतं. खाल्लेला डावा टायर पुढे परत टाकू नका, स्टेपनीला ठेवा. नाहीतर नव्या सांध्यांवरही थरथर तशीच येईल आणि पुन्हा कुणीतरी बॉक्स सांगेल.